तानपुरा नाही, राग नाही. मग यात आपलं काय?

सदर : सुरांची विचारपूस

प्रश्न : सर, नमस्कार. मी सेलूला शाळेत शिकवते. मुलगी पुण्यात असते, तिथं व्हायोलिनच्या क्लासला जाते. तिनं मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. जॉन केज नावाच्या अमेरिकन संगीतकाराचं, दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांचं, वीस-एक मिनिटांचं. सोबत लिहिलं होतं, 'आई, हे भारतीय विचारावर आहे, नक्की ऐक.' मी दोनदा ऐकलं. ना तानपुरा, ना राग, ना ठेका. कुणीतरी वाद्यं लावायला बसलंय आणि मधेच विसरून जातंय, असंच वाटत राहिलं. चार ऋतू आणि उत्पत्ती-स्थिती-लय यांच्यावर ही रचना बेतलीय म्हणे. मला त्यात एकही ऋतू सापडला नाही. आपल्या तत्त्वज्ञानाचं नुसतं लेबल चिकटवलंय का? आणि तसं नसेल, तर हे ऐकायचं कसं?
— एक शिक्षिका, सेलू

उत्तर : ताई, लेबल नाही. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रात राग कमी आणि दुखावलेपण जास्त आहे. आपल्या घरातली वस्तू कुणी न विचारता उचलून नेली की वाटतं, तसं. पण इथं विचारून नेलीय, आणि बदल्यात काही देऊनही नेलीय.

१९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवायच्या. त्या काळी बाईच्या हातात पखवाज ही साधी गोष्ट नव्हती. पाश्चात्त्य संगीताच्या प्रभावानं आपलं संगीत बदलत चाललंय, याची त्यांना काळजी होती. म्हणून ते संगीत मुळातून काय आहे हे शिकायला त्या निघाल्या. केज शिकवायला तयार झाला. फी काय, तर तुम्ही मला भारतीय संगीत शिकवा. असं सुमारे सहा महिने चाललं. परत निघताना त्यांनी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या 'कथामृता'चं इंग्रजी भाषांतर भेट दिलं.

केज तेव्हा चौतिशीच्या आसपास होता आणि मनानं खचलेला होता. लग्न मोडलं होतं. दुःखातून लिहिलेल्या रचना ऐकून लोक हसायचे. माझ्या मनातलं तुझ्या मनात पोचवणं म्हणजे संगीत, असं तोवर तो मानत आला होता. ते पोचतच नसेल तर लिहायचं कशाला? त्यानं गीताबेनना विचारलं, तुमच्या गुरूंनी संगीताचं प्रयोजन काय सांगितलं? उत्तर असं मिळालं की मन संयत आणि शांत करायचं, म्हणजे ते दैवी प्रभावाला मोकळं होतं.

ताई, हे उत्तर आपल्याकडं कीर्तनाला मांडी घालून बसणारी कुठलीही आजी देईल. केजला मात्र ते उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं आणि त्यानं ते मनावर घेतलं. त्यानंतर त्यानं भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचं लेखन वाचलं, नवरस समजून घेतले, आणि १९४६ ते ४८ या काळात पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून एक मोठी रचना केली. ती नवरसांवर आहे आणि शेवटी शांतरसाकडं झुकते. मग १९४९ साली पॅरिसमध्ये असताना तुमच्या मुलीनं पाठवलेली ही चौकडी लिहायला घेतली. 'स्ट्रिंग क्वार्टेट इन फोर पार्ट्स'. न्यूयॉर्कला परतल्यावर १९५० मध्ये पुरी केली आणि लू हॅरिसन या संगीतकार मित्राला अर्पण केली. त्याच ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात ती पहिल्यांदा वाजली.

लिहायला घेताना त्यानं आईवडिलांना पत्रातून कळवलं होतं की शांतता प्रत्यक्ष न वापरता तिचं स्तवन करायचं मनात आहे. हे वाक्य हातात ठेवून रेकॉर्डिंग पुन्हा लावा. तुम्हाला 'वाद्यं लावतायत' असं का वाटलं, तेही त्यात आहे.

आता प्रत्यक्ष वादनाकडं येतो, कारण माझा धंदा शिकवण्याचा आणि मला गोष्ट हातानं दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. या चौकडीत वादकांना सूचना आहे की व्हिब्राटो नको, आणि गजावर कमीत कमी भार. व्हिब्राटो म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवर हलवून सुराला जो थरथराट देतात तो. सिनेमातलं व्हायोलिन रडतं ते त्यानंच. तो काढून घेतला की सूर उघडा पडतो. खडा सूर. आपण रियाजाला बसतो तेव्हा षड्जाला लावतो, तसा. शिवाय गजावर भार नाही, म्हणजे सुरात हुकूम नाही, आर्जव नाही. नुसता आहे.

दुसरं असं की केजनं आधी स्वरांचे पुंज ठरवून ठेवले. एखादा एकटा सूर, एखादी जोडी, कुठं तीन-चार सुरांचा गुच्छ. प्रत्येक पुंज कुठल्या वाद्यांनी आणि कुठल्या तारेवर वाजवायचा, हेही ठरलेलं. मग संपूर्ण रचनेत तो पुंज जेव्हा येईल तेव्हा तसाच येणार. चढत नाही, विस्तारत नाही, सजत नाही. चौघं मिळून एकच ओळ वाजवतात. साथ कुणाची कुणाला नाही. आपल्या गोंधळात मुख्य गोंधळी ओळ अर्ध्यावर सोडतो आणि झीलकरी ती उचलतो, तसं काहीसं. पण इथं एकेक अक्षर वाटून घेतलंय.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून मागच्या वर्षी मी माझ्या क्लासमधल्या चार मुलांना घेऊन बसलो. परभणीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पंखा बंद करून. फळ्यावर सहा पुंज लिहिले. एक नुसता मंद्र पंचम, एका मुलानंच वाजवायचा. एक षड्ज आणि शुद्ध धैवत, दोघांनी. एक कोमल गंधार, मध्यम आणि तार षड्ज, तिघांनी. असे. कुठल्या तारेवर, तेही ठरवून दिलं. मग मी छडीनं फळ्यावर दाखवत जायचं आणि ज्याचा सूर असेल त्यानं वाजवायचं. बोट हलवायचं नाही, मींड घ्यायची नाही, गज दाबायचा नाही.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. मुलांच्या हाताला सवय आंदोलनाची. शिवाय प्रत्येकाला आपला सूर थोडा उठून यावा असं वाटणारच. एक मुलगा राळ जास्त लावून गज खरखरवायला लागला. मग हळूहळू हात हलके झाले. सातव्या-आठव्या मिनिटाला सुरांच्या मधली जागा ऐकू यायला लागली. खाली रस्त्यावर गॅसच्या टाक्यांची गाडी गेली, तिचा आवाजसुद्धा त्रास न देता येऊन गेला. थांबल्यावर नववीतली मुलगी म्हणाली, "सर, हे कुणीच वाजवत नाहीये असं वाटतंय."

मी चौतीस वर्षं शिकवतोय. केजबद्दल इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं.

आता तुमचे ऋतू. केजनं जोड्या लावल्या त्या अशा : उन्हाळा म्हणजे स्थिती, पानगळ म्हणजे लय, हिवाळा म्हणजे निश्चलता, वसंत म्हणजे उत्पत्ती. चौकडीचे चार भाग याच क्रमानं येतात. पहिल्याचं नाव 'शांतपणे वाहत', दुसऱ्याचं 'हळू झुलत', तिसऱ्याचं 'जवळजवळ स्थिर', आणि चौथा 'क्वोडलिबेट', म्हणजे तिकडच्या जुन्या परंपरेतला हसत-खेळत मिसळलेला प्रकार. पहिल्या भागात त्याच्या मनासमोर फ्रान्समधला उन्हाळा होता, दुसऱ्यात अमेरिकेतली पानगळ.

इथं मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी लपवणार नाही. आपल्या पंचांगात ऋतू सहा. चार ऋतूंना अशी चार कामं वाटून देणं आपल्याकडं रूढ नाही. उत्पत्ती, स्थिती, लय हे शब्द आपण ज्ञानेश्वरीपासून ऐकतो, पण ते ब्रह्मांडाच्या मापाचे आहेत, कॅलेंडरच्या नव्हेत. शिवाय उन्हाळा म्हणजे स्थिती हे फ्रान्सच्या हिरवळीत बसून सुचतं. सेलूच्या एप्रिलमध्ये कुणाला सुचणार नाही. तुम्हाला ऋतू सापडले नाहीत ते यामुळंही असेल, ताई. तुमचा कान चुकीचा नाही, नकाशा दुसऱ्या गावाचा आहे.

म्हणून मी तो नकाशा आपल्या काळ्या जमिनीवर फिरवून बघितला. उत्पत्ती कधी? मृगात. पहिला पाऊस, मातीचा वास, तिफण. स्थिती श्रावण ते आश्विन, कापूस-सोयाबीन रानात उभं असतं तोवर. लय म्हणजे काढणी, मळणी, आणि शिशिरातली पानगळ. मग निश्चलता? ती वैशाखातच. रान नांगरून पडलेलं, ढेकळं उलटी झालेली, जमिनीला हात घुसेल एवढ्या भेगा, दुपारी बांधावर चिटपाखरू नाही. बाहेरच्या माणसाला ते रान मेलेलं दिसतं. पण शेतकरी मुद्दाम नांगरून ते उन्हात टाकतो. जमीन तापली पाहिजे, आतली कीड मेली पाहिजे, मग मृगाचं पाणी अंगी लागतं. ते पडून राहणंच काम असतं.

(यात एक गंमत राहून राहून मनात येते. आपला देव झोपतो तो आषाढी एकादशीला, म्हणजे शिवार सगळ्यात जास्त जागं असतं तेव्हा. आणि वैशाखात देव जागा, शिवार झोपलेलं. दोघांच्या पाळ्या लावल्यासारख्या. पण हा विषय दुसरा.)

तिसरा भाग, 'जवळजवळ स्थिर', असाच ऐका. तो सगळ्यात लांब आहे. केज रचना आखताना काळाची मापं आधी ठरवायचा. इथं बावीस मापांचे (तिकडं त्यांना 'बार' म्हणतात) बावीस गट आहेत. त्यांतले चार पहिल्या भागाला, पाच दुसऱ्याला, अकरा तिसऱ्याला आणि फक्त दोन चौथ्याला. म्हणजे निम्मी चौकडी निश्चलतेची, आणि उत्पत्ती आली न आली तोच संपते. मृगाचा पहिला पाऊस असाच येऊन जातो. बावीस आकडा बघून तुमच्या मुलीचे सर कदाचित बावीस श्रुतींशी नातं जोडतील. मी जोडणार नाही. आकडे जुळतात म्हणून विचार जुळतोच असं नाही, आणि इथं खरं नातं इतकं पक्कं आहे की उसनं आणायची गरज नाही.

ऐकायचं कसं, हे विचारलंत. कामं उरकताना नको. इअरफोनवरही नको, खोलीच्या हवेतून येऊ द्या. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीतलं संगीत, आपली बैठकच ती. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला, दारं लोटून, कूलर बंद करून फक्त तिसरा भाग लावा. दहा मिनिटांच्या आसपास आहे. पुढं काय होणार याची वाट बघायची नाही, कारण पुढं काही होत नाही. ओळखीचा पुंज पुन्हा आला की नुसतं ओळखायचं. एवढं जमलं की पहिल्या भागाकडं जा. मुलीला सांगा की आईनं उलट्या क्रमानं ऐकलं, आणि सरांनीच तसं सांगितलं.

प्रश्न : सर, मी खुलताबादला राहतो, बारावीला आहे, तबला शिकतो. दौलताबादच्या किल्ल्यातले ताल एका फ्रेंच माणसानं वापरले, असं एका कार्यक्रमात ऐकलं. खरं आहे का? कुठले ताल? आम्हाला वाजवता येतील का?
— एक विद्यार्थी

उत्तर : खरं आहे बाळ, आणि तू राहतोस तिथून ती जागा हाकेच्या अंतरावर आहे, याचा मला तुझ्याइतकाच आनंद होतो.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचा राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव हा हिशेबाचा वरिष्ठ अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय आहेत, त्यांतला पाचवा तालाचा. त्यात एकशेवीस देशी ताल मांडून ठेवलेत. हे ताल म्हणजे तुझ्या त्रितालासारखे ठेके नव्हेत. धा-धिं-धिं-धा नाही. लघु, गुरू, प्लुत, द्रुत अशा लहान-मोठ्या कालमापांच्या ओळी आहेत त्या. हिशेबाच्या माणसानं लिहिलेत, हे वाचताना जाणवतं.

ओलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच संगीतकार विद्यार्थी असताना त्याला एका फ्रेंच संगीतकोशात या एकशेवीस तालांचा तक्ता सापडला. तो आयुष्यभर त्याला पुरला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती लागला आणि गेर्लिट्झ गावच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पडला. तिथं त्याला एक व्हायोलिनवाला, एक क्लॅरिनेटवाला आणि एक चेलोवाला भेटला. तो स्वतः पियानोवर. अशी ती चौकडी लिहिली गेली, 'काळाच्या अंतासाठी', आणि १५ जानेवारी १९४१ ला त्याच छावणीत, कैद्यांसमोर, ऐन थंडीत वाजली.

पहिल्याच भागात पियानो तीन ताल एकामागून एक वाजवतो : रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. तिन्ही मिळून सतरा कालमापं होतात. त्यावर एकोणतीस स्वरगुच्छांची माळ. सतरा संपले की ताल पहिल्यापासून, एकोणतीस संपले की गुच्छ पहिल्यापासून. दोन्ही संख्या अविभाज्य, त्यामुळं दोघांची गाठ पुन्हा पडायला सतरा गुणिले एकोणतीस, म्हणजे चारशे त्र्याण्णव ठोके लागतात. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. तू तबला शिकतोस, तुला हे चटकन कळेल : ही अशी तिहाई आहे जिची सम येतच नाही. मेसियाँला तेच हवं होतं. काळ संपला, ही बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली देवदूताची घोषणा त्याच्या मनात होती. न भेटणाऱ्या दोन चक्रांतून त्यानं ती दाखवली.

तो निष्ठावंत कॅथलिक होता. या चौकडीतली श्रद्धा ख्रिस्ती आहे. देवगिरीचं त्यात गणित आहे. वर सेलूच्या ताईंना ज्या केजबद्दल लिहिलं, त्याचं नेमकं उलट : केजनं आपला विचार नेला आणि आवाज नेला नाही. लोक या दोघांना 'पौर्वात्य प्रभाव' या एकाच पोत्यात भरतात. मला ते पटत नाही. पोतं ओतून दाणा दाणा बघितला पाहिजे.

वाजवता येतील का? येतील. रागवर्धनापासून सुरू कर. तबल्यावर नको, आधी टाळ्यांवर. मापं लहान-मोठी आहेत, त्यामुळं हात आपोआप त्रितालाच्या खोबणीत घसरेल. तो घसरू द्यायचा नाही. गुरुजींकडून 'संगीतरत्नाकरा'तला तालाध्याय मागून घे आणि किल्ल्यावर एखादी सकाळ काढ. मी दरवर्षी मुलांना तिथं नेतो. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, पार करून वर आलो की बसतो, पाणी पितो आणि शार्ङ्गदेवाचा विषय काढतो. पुढच्या वेळी तू असशील तर टाळ्या तू वाजवायच्या.

प्रश्न : सर, मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी. गावच्या सप्त्यात दरसाल विण्याला उभा राहतो, रात्री दोन ते चारचा पहारा माझा. पुतण्यानं सांगितलं की एक गोरा पियानोसमोर बसला आणि काहीच वाजवलं नाही, त्यालाही संगीत म्हणतात. ही कलेची थट्टा नाही का? तुम्ही मास्तर माणूस, खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, थट्टा नाही. तुमच्याइतकं हे कुणाला कळायला सोपं नाही, म्हणून तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं.

तो गोरा म्हणजे वरचाच जॉन केज. वाजवणारा, म्हणजे न वाजवणारा, डेव्हिड ट्यूडर. २९ ऑगस्ट १९५२, अमेरिकेतलं वुडस्टॉक. चार मिनिटं तेहतीस सेकंद, तीन भागांत. भाग सुरू करताना ट्यूडर पियानोचं झाकण लावायचा, संपला की उघडायचा. सभागृहाचा मागचा भाग रानाकडं उघडा होता. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात वैतागलेल्या लोकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावलं. केजचं म्हणणं, लोकांना ऐकायचं कसं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना ती शांतता वाटली.

त्याच्या आदल्या वर्षी तो हार्वर्ड विद्यापीठातल्या एका खोलीत गेला होता. भिंती अशा की आवाज मुळीच परतत नाही. तिथंही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. बारीक तुझ्या मज्जासंस्थेचा, जाड तुझ्या रक्ताभिसरणाचा, असं त्याला सांगितलं गेलं. जिवंत माणसाला निखळ शांतता मिळत नाही, ही गाठ त्यानं तिथं बांधली.

काही विद्वान याला अनाहत नाद, म्हणजे आघाताशिवाय उमटणारा नाद, म्हणतात. मला ते म्हणवत नाही. शार्ङ्गदेव आहत आणि अनाहत असे नादाचे दोन भेद करतो, पण अनाहत ही साधनेची गोष्ट आहे, वारा आणि छपरावरचा पाऊस नव्हे. केजनं ऐकवले ते बाहेरचेच, साधे, आहत आवाज. फक्त कुणी मुद्दाम न काढलेले.

आणि आता तुमचं. मीही उभा राहिलोय विण्याला, लहानपणी आजोळी, तुमच्याच भागात. सोळा-सतरा वर्षांचा असेन. रात्री दोनला मामांनी उठवलं, चूळ भरली, मंडपात गेलो. आधीच्या पहारेकऱ्याच्या पाया पडलो, त्यानं विणा माझ्या गळ्यात घातला. तार मधे थांबू द्यायची नाही, विणा भुईला टेकवायचा नाही, एवढंच ठाऊक होतं. पहिला अर्धा तास बोट दुखलं. मग पाय. तिसऱ्या प्रहरात कधीतरी 'राम कृष्ण हरी' तोंडातून आपोआप चालू राहिलं आणि कान मोकळा झाला. मंडपाच्या कापडाची फडफड. समईच्या वातीचा तडतडाट. झोपलेल्या टाळकऱ्यांचे श्वास, एकाचा लांब, एकाचा आखूड. लांब पलीकडं कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन. हे सगळं विण्याच्या तारेत येऊन बसत होतं आणि कुठलंही नको वाटत नव्हतं. चारला काकड्याची माणसं खोकत-खोकत आली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, ते आजही आठवतं.

केजची ती चौकडी मी पुढं कॅसेटवर पहिल्यांदा ऐकली आणि सहा मिनिटांत बंद केली. काही वर्षांनी एका रात्री तिसरा भाग लागलेला असताना एकदम तो मंडप आठवला, आणि मग मी ती कधी बंद केली नाही.

तुमच्या सप्त्याला अजून अवकाश आहे. यंदा पहाऱ्याला उभे राहाल तेव्हा तीनच्या पुढं काय काय ऐकू येतं ते लक्षात ठेवा. मुद्दाम कान लावायचा नाही, येईल ते. सकाळी काल्याच्या गडबडीत विसरायच्या आत एका कार्डावर लिहून माझ्याकडं पाठवा. आवाजांची नावं जशी सुचतील तशी, तुमच्या बोलीत. पुढच्या अंकात ती यादी मी आहे तशी छापायला देईन.